पोहता कोणाला येत नाही?

निघोज्याच्या थांब्यावर स्वप्नाली आपल्या कंपनीच्या बसची वाट बघत होती. तिच्या पुढे उभे असलेले कंपनीतलेच दोघं, दोन गाइडशी बोलून, कोलाडच्या नदीतल्या राफ्टिंगचं ठरवत होते.

"धम्मपाल, पहिल्या गाइडलाच हो म्हण. तो म्हणाला, बिनधास्त या, काही होत नाही."

"निरंजन, असं म्हणणाऱ्याला तू आपल्या लाइनवर प्रेस मशीनला हात लावू देशील?"

"नाही, पण..."

"दुसऱ्यानं ग्रुप कॉलवर आधी विचारलं, पोहता कोणाला येत नाही?"

"सगळ्यांसमोर कशाला विचारायचं राव!"

"तुला काय त्याचं? तू देहूचा, नदीकाठचा माणूस."

बस वळणावर दिसली, तेव्हा निरंजननं दुसऱ्या गाइडलाच फोन लावला.

"दादा, रविवारी आम्ही चौघं येतोय. एकाला पोहता येत नाही... हो, मीच तो."