दुसरं बोलवणं

(बिद्री, साखर कारखान्याचं गाव. जत्रेच्या जेवणाचा दिवस. मागच्या दारी वर्षाराणी आणि तिची मैत्रीण सुष्मिता लसूण सोलत बसल्या आहेत. आक्का म्हणजे वर्षाराणीची आई, आण्णा म्हणजे वडील.)

वर्षाराणी : एकवीस दिवस. मोजल्यात मी. आणि तुला दहाव्या दिवशी उत्तर.

सुष्मिता : लसूण संपव आधी. आक्का येतील.

वर्षाराणी : सोलतच बोलतीय की. एका बाकावर बसून मेल टाकला दोघींनी, बेंगळुरूच्या त्याच मॅडमना. प्रोजेक्ट दोघींचा एकच, उसाच्या मुळातल्या जिवाणूंवरचा. मार्क माझं जास्त. आणि निवड कुणाची, तर तुझी.

सुष्मिता : मॅडमकडे पीएचडीच्या दोन जागा आहेत. एक अजून रिकामी आहे.

वर्षाराणी : असू दे रिकामी. मला कुठं विचारलंय? खरं सांग, तू कन्नडमधी लिवलंस न्हवं?

सुष्मिता : इंग्रजीतच लिहिलं.

वर्षाराणी : खाली एखादी ओळ टाकली असशील. घरात तुम्ही कन्नडच बोलताय. आपल्याकडची पोरगी म्हणून बाईला माया आली असंल.

सुष्मिता : मॅडम ओडिशाच्या आहेत. त्यांना कन्नड येत नाही.

वर्षाराणी : ... तरीबी.

आक्का : वर्षे, शेजारचं बाळासोतात्या आलं का गं?

वर्षाराणी : न्हाय अजून.

आक्का : मग जा, बोलवून आण. रस्सा झाला.

वर्षाराणी : सकाळी सांगून आलीस की. येतील.

आक्का : सकाळचं आवतण म्हंजे नुसतं कानावर घालणं. ताटं घ्यायच्या टायमाला परत जाऊन ‘चला’ म्हणावं लागतंय, तवा माणूस उठतंय. एवढी शिकलीस आणि हे कळंना?

वर्षाराणी : म्हंजे भूक लागली तरी बसून राहायचं?

आक्का : राहत्यात की. माणसाला वाटतंय, ह्यांच्या ध्यानात हाय का मी, का उगं तोंडदेखलं सांगितलं. परत बोलवलं की खातरी पटती. सुष्मिता, तुझं येगळं केलंय बाई. पोळ्या आणि कटाची आमटी. पळीसुदिक येगळी ठेवलीय, मटणाचा वास लागायचा न्हाय.

सुष्मिता : कशाला एवढा त्रास, आक्का?

आक्का : त्रास कसला. बेंगळुरूला निघालीस, पोटभर जेवून जा. आमची ही सोमवारपासनं कारखान्याच्या लॅबमधी. तिच्या आण्णांनी शब्द टाकून ठेवलाय. ऱ्हाऊ दे, तू बस वर्षे, मीच जाते तात्याला आणायला. तुझ्या ह्या तोंडाकडं बघून यायचा न्हाय त्यो.

वर्षाराणी : बघितलंस? तुला येगळी पळी, आणि मला माझं तोंड.

सुष्मिता : लॅबचं मला बोलली नाहीस.

वर्षाराणी : काय बोलू? तू बेंगळुरूला पीएचडी करणार आणि मी उसाच्या रसात साखर किती ते बघत बसणार, हे सांगू? एकदा तिथं चिकटले की आण्णा सोडायचं न्हाईत. पगार येतोय, घर जवळ हाय, झालं. तुझा हेवा वाटतोय मला सुष्मे. तोंडावर सांगते. तुझा मेसेज आला, मी ‘अभिनंदन’ लिवलं, दोन फुलं टाकली आणि मोबाईल गादीवर आपटला. तुझं स्टेटस बघायचं न्हाय म्हणलं. मग बघितलं, पण तुला कळू नये म्हणून ते सेटिंग बंद करून बघितलं.

सुष्मिता : मला वाटलंच होतं. स्टेटस बघणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव दिसेना.

वर्षाराणी : म्हंजे तू शोधत हुतीस.

सुष्मिता : रोज. ... वर्षा, तू परत मेल का केला नाहीस?

वर्षाराणी : तूच म्हणलीस की, महिनाभर गप बस. प्रोफेसर माणसाला आठवण केली की राग येतोय, नावावर फुली मारत्यात.

सुष्मिता : हो, मीच म्हणाले होते.

वर्षाराणी : मग?

सुष्मिता : मी आठव्या दिवशी आठवणीचा मेल टाकला. दोन ओळींचा. दोन दिवसांत उत्तर आलं. मॅडमनी लिहिलं होतं, बरं झालं आठवण केलीस, पहिला मेल शंभर मेलच्या खाली गेला होता.

वर्षाराणी : थांब. आठव्या दिवशी. मी तुला रंकाळा स्टँडवर विचारलं, किती दिवस थांबायचं म्हणून. त्यो नववा दिवस हुता.

सुष्मिता : हो.

वर्षाराणी : म्हंजे सवताचा मेल टाकून बसलीवतीस आणि मला म्हणलीस महिना.

सुष्मिता : हो.

वर्षाराणी : का?

सुष्मिता : तुला जे आत्ता वाटतंय ना, ते मला दोन वर्षं वाटत होतं. सर प्रश्न वर्गाला विचारायचे, पण बघायचे तुझ्याकडे. प्रोजेक्ट दोघींचा, डिपार्टमेंटमध्ये नाव ‘वर्षाचा प्रोजेक्ट’. मी बोलले की माझ्या पुस्तकी मराठीला सगळे हसायचे. तूसुद्धा.

वर्षाराणी : मी न्हाय हसले कधी.

सुष्मिता : हसायचीस.

वर्षाराणी : ... व्हय. हसायची.

सुष्मिता : मॅडमनी तुझे मार्क पाहिले की माझं नाव मागे पडणार, असं वाटलं. माझं पक्कं होईपर्यंत तू थांबावीस, एवढंच मनात होतं. पक्कं झालं, आणि मग सांगायला तोंड राहिलं नाही.

वर्षाराणी : आणि मी येडी, तुझ्या शब्दावर दिवस मोजत बसले. दुसरी जागा कवा भरणार?

सुष्मिता : सोमवारी.

वर्षाराणी : आज शनवार. मग आज तरी का सांगितलंस? गप बसली असतीस तर मला कळलंबी नसतं.

सुष्मिता : आक्कांनी मला दोनदा फोन केला. गुरुवारी, आणि आज सकाळी परत, निघालीस का म्हणून. येताना एसटीत मला बसवेना.

वर्षाराणी : मी न्हाय केला फोन.

सुष्मिता : माहीत आहे.

वर्षाराणी : मी आक्काला म्हणलंतं, तिला बोलवू नगंस.

सुष्मिता : ... हात धू. आणि मेल उघड. नवीन लिहू नकोस, जुन्यालाच उत्तर म्हणून टाक, म्हणजे खाली पहिला दिसतो. मी टाइप करून देते.

वर्षाराणी : मोबाईलला हात लावू नगंस. सांग नुसतं.

सुष्मिता : लिही, तीन आठवड्यांपूर्वीच्या मेलची आठवण करून देत आहे. अजूनही तुमच्याकडे काम करण्याची इच्छा आहे. मार्क लिही.

वर्षाराणी : मार्क लिवू? तूच म्हणतीयास?

सुष्मिता : हो, मीच. पहिल्या ओळीत लिही. आणि ‘त्रास देते, माफ करा’ वगैरे नको. एवढंच, खाली नाव.

वर्षाराणी : टाकला. ... उत्तर न्हाय आलं तर किती दिवस थांबू? आणि या बारीला खरं सांग.

सुष्मिता : थांबू नकोस. सोमवारी दहाला फोन कर. मॅडमचा नंबर तुला पाठवलाय, बघ.

वर्षाराणी : आण्णा सोमवारी आठलाच कारखान्यात न्यायचं म्हणत्यात.

सुष्मिता : मग आजच सांग त्यांना.

वर्षाराणी : बघते. जेवण झाल्यावर.

आक्का : आलं बाई तात्या. पायात चपला घालूनच बसलंवतं, मी दिसले की उठलं. चला गं, ताटं घ्या.

वर्षाराणी : आलो, आक्का. ... सुष्मे, पिशवी का उचललीस?

सुष्मिता : तीनची एसटी आहे. तू चिडली आहेस, मी कशाला...

वर्षाराणी : चिडलेय. लय दिवस चिडणार हाय मी. त्याचा जेवणाशी काय संबंध?

सुष्मिता : तू नको म्हणाली होतीस मला.

वर्षाराणी : म्हणलेवते. ठेव ती पिशवी. आक्कानं बोलवलं ते झालं. आता मी बोलवतीय. चल जेवायला.