भज्याच्या तेलावरची जीप

बोरगाव मेघेच्या बसथांब्यावर माझ्या मागच्या बाकावर दोघी शेजारणी बसल्या होत्या.

"काऊन वो सुलोचनाबाई, घरी जीप असून बसची वाट पाहून राह्यल्या?"

"यायनं जीप तळणाच्या तेलावर केली. हॉटेलातलं उरलेलं तेल आणतेत, गाळतेत अन् टाकीत ओततेत."

"मंग डिझेल वाचलं ना!"

"वाचलं, पण धुराले भज्याचा वास येते. परवा मयतीले गेलो, तं लोकं रडाचं सोडून नाश्ता कुठी हाय ते विचारून राह्यले."

"अन् आज?"

"आज एकादशी. कांद्याच्या भज्याच्या तेलावर मी नाई बसत."

"भाऊजी बसतेत? त्यायलेबी उपास असन ना?"

"हाय ना. संध्याकाळी तोंडाले भज्याचा वास येते, तं म्हणतेत गाडीचा हाय."

"अन् मिशीतलं बेसन?"

"तेल नीट गाळलं नाई, म्हणतेत."