कल्ला उघडून दाखव!

...आणि वर मला काय म्हणतो माहीत आहे? "आजी, सील तोडलंत तर माल परत घेणार नाही!" अरे बाबा, खोक्याला प्लास्टिक गुंडाळलेलं, आत काय आहे ते दिसत नाही, हलवलं की नुसतं खडखडतं, आणि मी ते न उघडता घरी न्यायचं? तुम्हाला सांगते, उभा जन्म मी ठाण्याच्या बाजारात पाटी घेऊन बसले. टाय लावलेले आले, टोपीवाले आले, नाकाला पदर लावून लांबूनच भाव विचारणाऱ्या आल्या, पण कल्ला उघडून पाहिल्याशिवाय माझ्याकडून कुणी मासा नेला नाही. लाल असेल तर ताजा, काळा पडला असेल तर चल, पुढे हो! म्हणून त्या दुकानदाराला मी सरळ म्हटलं, "कल्ला उघडून दाखव!" तर दात काढून म्हणतो, "अँटिव्हायरसला कल्ला नसतो, आजी." नसतो? मग नासका की ताजा ते तुला तरी कसं कळतं रे?

आता तुम्ही म्हणाल, या म्हातारीला अँटिव्हायरस कशाला हवा? तेच विचारा! मी चंद्रभागा, चेंदणी कोळीवाड्यातली धवलारीण. आमच्याकडे लग्न लागतं ते धवलारणीने गायलेल्या धवल्यांनी. देवांना आवतण द्यायचा धवला वेगळा, हळदीचा वेगळा, मांडवाचा वेगळा. यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही, सगळं इथे, या डोक्यात. आणि शिकायला कोण येतंय? पोरी म्हणतात, "आजी, कॅसेट लावू ना!" लावा! देवांना कॅसेटवर बोलवा आणि जेवायलाही कॅसेटच वाढा!

म्हणून मी ठरवलं, लिहून ठेवायचं. शाळेत मी गेले नाही, पण माशांखाली घालायच्या रद्दीवर अक्षरं शिकले, आणि तुम्हाला सांगते, बोंबलाच्या पाण्यात भिजलेलं अक्षर ज्याला वाचता येतं त्याला जगातलं काहीही वाचता येतं. माझ्या लेकाने, सहदेवने, शेअरचे भाव बघायला घरात कॉम्प्युटर आणला होता. त्यात डोंबिवलीच्या एका मास्तरांनी बनवलेला मराठीचा प्रोग्रॅम घातला, आणि दोन बोटांनी, एकेक कळ शोधत, दोन वर्षं मी धवले आत भरले. शेजारची हौसाबाई, तीही धवलारीण, म्हणजे स्वतःला म्हणवते, दारातून ओरडायची, "कंला गो चंद्रे? उद्या यो डबाच लग्नात गानार काय?" मी म्हणायची, "तुझ्यापेक्षा सुरात गाईल!"

आणि मग हा एप्रिल आला. पेपरात बातमी, कुठलासा व्हायरस एका दिवसात उठला आणि लोकांचे कॉम्प्युटर बसले ते बसलेच, आतलं सगळं साफ! मे महिन्यात नात जयाचं लग्न. धवले छापून साऱ्या आत्या-मावश्यांच्या हातात द्यायचे, म्हणजे माझ्या मागे आवाज तरी उठेल, असं मी मनात धरलेलं. दोन वर्षांची मेहनत कुणा परदेशी किड्याच्या घशात घालायची?

सहदेवला म्हटलं, राखण बसव. तर हा माझा लेक, इतका शिकलेला, काय म्हणावा? "आई, मासिकाबरोबर सीडी आली आहे, त्यात फुकट आहे." फुकट! अरे, फुकटचा मासा मांजरसुद्धा तीनदा हुंगतं! मग म्हणाला, "बरं, ऑफिसातून एकाची कॉपी आणतो." म्हणजे चोर पकडायचा रखवालदार, तो चोरून आणायचा! मी म्हटलं, "गप्प बस, मी स्वतः बघते." आणि रिक्षा करून गेले खोपटला.

एसटी डेपोच्या पलीकडे ते दुकान. दुकानदाराचं नाव आनंद, चेहरा मात्र सुतकी. फळीवर ओळीने खोकी. "हे अमेरिकन, हे आपलं देशी, आणि हे दोन्हींपेक्षा ॲडव्हान्स. यात इंटरनेटची पण सिक्युरिटी आहे, आजी." मी म्हटलं, "आमच्याकडे इंटरनेट नाही." "नाही, पण पुढे घेतलंत तर? फोनच्या वायरीतून जगभरचे चोर घरात!" बघा, म्हणजे आधी फोनला भोक पाडायचं आणि मग त्या भोकाला बूच विकायचं! प्रत्येक खोक्याबद्दल एकच पाठ केलेलं वाक्य, "हंड्रेड परसेंट प्रोटेक्शन." सगळेच शंभर टक्के तर मग तीन खोकी कशाला रे?

मी काउंटरवर बसकण मारली. म्हटलं, "कल्ला उघडून दाखव. एक व्हायरस आण, या तुझ्या कॉम्प्युटरमध्ये सोड, आणि तुझा रखवालदार त्याला धरतो का ते मला इथे डोळ्यांदेखत दाखव." तो म्हणाला, "असं कुणी करत नाही." मी म्हटलं, "मी करते." मागे गिऱ्हाइकं जमली. त्यातल्या एकाने हळूच म्हटलं, "आजीचं बरोबर आहे." झालं! नाइलाजाने आनंदने खणातून लाल खूण केलेली, व्हायरस असलेली फ्लॉपी काढली, आत ढकलली, आणि तुम्हाला सांगते, भोंगा असा वाजला! पडद्यावर लालेलाल पाटी! धरला! अगदी चिंबोरी नांगीने धरते तसा धरला! हा होता तो ॲडव्हान्स. मी म्हटलं, कल्ला लाल आहे, बांध!

घरी बसवला. सहदेवने बटणं दाबली, सगळीकडे "हो, हो" म्हणत गेला, बायकोलासुद्धा हा इतक्यांदा हो म्हणत नसेल. रखवालदार रात्रभर घरभर फिरला म्हणे.

हळदीच्या आदल्या दिवशी धवले छापायला बसले. दारात मांडव घातलेला, आत्या-मावश्या कागदाची वाट बघत ताटकळलेल्या. पहिलाच धवला, गावदेवीला आवतण. उघडते तर काय? डॉलर! टक्का! कंस! डोक्यावर टिंबं घेतलेला यू! गावदेवीच्या जागी उलटं प्रश्नचिन्ह! एक अक्षर मराठी नाही! आणि हौसाबाई? ती कुठून उगवली देव जाणे, माझ्या खांद्यावरून वाकून म्हणते, "चंद्रे, डबा गानार व्हता ना गो? इंग्रजीन गातंय का?"

आनंदला फोन करून बोलावला. आला, टाय सैल केला, दोन कळा दाबल्या आणि म्हणाला, "आजी, व्हायरस नव्हता. तुमचा तो मराठीचा प्रोग्रॅम कीबोर्डला चिकटून बसला होता. संशयास्पद हालचाल. अनोळखी दिसला, म्हणून या अँटिव्हायरसनेच त्याला बाहेर काढला."

अनोळखी! ऐकलंत? मराठी, अनोळखी! ठाण्यात! खाडीच्या काठावर आमच्या किती पिढ्या गेल्या त्याचा हिशोब खाडीलाही नसेल, आणि हा परवा खोक्यातून उतरलेला विचारतो, तू कोण! मी आनंदला म्हटलं, "चोराला धरतो हे दाखवलंस, घरच्यांना ओळखतो का ते का नाही दाखवलंस?" तर म्हणतो, "तुम्ही विचारलं नाहीत." मी विचारायला हवं होतं? मासा विकताना काटा आहे हे मी न विचारता सांगायची रे!

लग्न काय थांबतं? कागदाशिवाय उभी राहिले, घसा फाटेपर्यंत गायले. हळदीच्या धवल्यात मध्येच एक ओळ गेली, पार गेली, डोकं कोरं... आणि मागून हौसाबाईने ती उचलली. कुणी बोलावलं नव्हतं, विचारलं नव्हतं, सरळ आत शिरली आणि शेवटपर्यंत गात राहिली! संशयास्पद हालचाल हिची, पण हिला अडवणारा अँटिव्हायरस अजून कुणी काढला नाही. आणि हो, सुरात गायली. पण हे तिला सांगू नका.

पुढे डोंबिवलीचे मास्तर आले, त्यांनी मराठी परत घातली, धवले होते तसे दिसू लागले. मी म्हटलं, या रखवालदाराला आता हाकला. सहदेव म्हणाला, "नको आई, हा गेला आणि खरा चोर आला तर?" राहिला तो!

म्हणून हल्ली रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की तो आधी मला अडवतो. "एक अनोळखी प्रोग्रॅम आत येऊ पाहतो आहे. येऊ द्यायचा का?" कितीदा सांगितलं, अरे, घरचा आहे, तोंड लक्षात ठेव! नाही ठेवत. मग माझ्याच घरात, माझ्याच भाषेसाठी, मी रोज "हो" दाबते... काय करता, दारावर बसवायला तो मीच पसंत करून आणला आहे ना, कल्ला उघडून!