खोकं नंबर सात, भंगार

अधिकारी : काका, कस्टमला दिलेल्या यादीत चार नंबरच्या खोक्यात रद्दी लिहिलीय. आत तर चांदीची भांडी निघाली.

नवरा : ती युक्ती आहे, साहेब. चोराने लेबल वाचलं तर हात लावणार नाही.

अधिकारी : आणि हे तीन नंबर, 'मौल्यवान'?

नवरा : त्यात रद्दी आहे.

अधिकारी : बोटीतून एवढ्या लांब रद्दी पाठवलीत?

नवरा : मग चोर काय रिकाम्या हाताने जाईल होय?

बायको : साहेब, यांना सांगा, बोटीवर कोणी लेबलं वाचत बसत नाही.

अधिकारी : काकू, ते तुमच्या शेजारीच बसलेत.

बायको : मी बोलत नाही त्यांच्याशी. महिना उलटून गेला.

नवरा : सत्तेचाळीस दिवस.

अधिकारी : हे बघा, बारापैकी अकरा खोकी उघडली, एकही यादीशी जुळत नाही. नियमाने सगळं परत पाठवायला हवं.

बायको : परत? अहो, लेकीचे दिवस भरलेत! तिच्यासाठी तर बिऱ्हाड उचलून आलो. आणि जे आणायचं होतं, तेच यांनी भंगारवाल्याला देऊन टाकलं. पाळणा, लेकीचा. म्हणे लाकूड सीमेवर अडवतात.

अधिकारी : कीड असली तर अडवतातच.

बायको : घ्या, तुम्हीही त्यांच्याच बाजूचे.

अधिकारी : एवढं एकच राहिलं, सात नंबर. 'भंगार'. काका, यात काय?

नवरा : भंगारच.

अधिकारी : म्हणजे सोनं?

नवरा : ते नका उघडू, साहेब. लेकीच्या घरी उघडायचंय.

अधिकारी : असं म्हटलंत की उघडावंच लागतं. (चिकटपट्टी कापतो.) हे काय, नवंकोरं लाकूड? पॉलिशचा वास येतोय अजून. तुम्ही तर सगळं सामान वापरलेलं म्हणून लिहून दिलंय. नव्यावर कर बसतो.

बायको : थांबा. तो कठडा इकडे द्या जरा. अगंबाई, हा पाळणाच आहे.

नवरा : बुडाला कीड लागली होती. सुताराकडून फळी बदलून घेतली, कीड मारल्याचा दाखलाही काढला. हा घ्या.

अधिकारी : अहो, मग घरात सांगायचं ना!

नवरा : हिला तिथे गेल्यावर दाखवणार होतो. युक्ती होती. जरा अंगाशी आली.

अधिकारी : दाखला ठीक आहे. पण वापरलेला कशावरून?

बायको : इथे बोट फिरवा. लागतायत खड्डे? लेकीचे दात आहेत ते. नऊ महिन्यांची होती, कठडा धरून उभी राहायची आणि कुरतडत बसायची. ओरडून ओरडून माझा घसा बसायचा.

अधिकारी : बाकी सगळं घासून गुळगुळीत केलंय, मग एवढंच कसं राहिलं?

नवरा : सुतार घासायलाच निघाला होता. मी त्याचा हात धरला.

अधिकारी : हं. सात नंबर, 'पाळणा, वापरलेला'. हे झालं. आता बाकीच्या अकरांची यादी इथे बसून नव्याने लिहा. खरी. मग सोडतो.

नवरा : खरी लिहायला हरकत नाही, पण पुढे ट्रकमध्ये एखादा चोर...

अधिकारी : काका!

बायको : कागद इकडे द्या, साहेब, मी लिहिते. अहो, तुम्ही नुसतं सांगा कशात काय आहे ते. आणि सकाळची गोळी घेतलीत का?