विमानातली हाक

अरे, विमानातले धक्के मला काय सांगता! सोलापूरच्या माळावर हौशी लोकांना फिरवणारं विमान आलं होतं, तेव्हा मी आणि आमची ही, दोघंही बसलो होतो की त्यात. ऐन उन्हाळ्यातली दुपार. वैमानिकानं मोडक्या हिंदुस्थानीत आधीच समजावलं, की तापलेल्या रानातून गरम हवा वर चढते, त्यानं विमान हिसके खातं, त्यात धोका नाही. पट्टा आवळा आणि अंग सैल सोडा. मी ऐटीत मान हलवली.

गिरणीची चिमणी मागं पडली आणि विमान एकदम खाली खचलं. मी डोळे गच्च मिटले, अंग लाकडासारखं ताठ झालं. ही शेजारून "अहो, अहो" करत होती म्हणे, पण इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येईना. शेवटी कानाशी तोंड आणून ओरडली, "दामोदर! अंग सैल सोडा!"

इतक्या वर्षांच्या संसारात हिच्या तोंडून माझं नाव कधी निघालं नव्हतं. मी एवढा चकित झालो, की भीती कुठल्या कुठं पळाली. पुढचे धक्के चक्क मजेत खाल्ले.

उतरल्यावर म्हटलं, "काय गं, आज नवऱ्याचं नाव घेतलंस?"

पदर सावरत म्हणाली, "जमिनीवर घेतलंय का?"