पिवळ्या फोनचं झाकण

शिवकांत: ...म्हणून इथं खाली फक्त दस्तखत करायची, सिद्धोधन. सोमवारपासून परत ड्यूटीवर.

सिद्धोधन: एवढंच? आन मला तीन दिस झाले घास उतरंना. सायेब, तुमी सुपरवायझर असून सोताहून झरीला आमच्या घरी आले, लय झालं. प्रियांका, चहा टाक. साखर कमी.

शिवकांत: चहा नको.

प्रियांका: नको कसं? आठ वर्षं ह्यांच्यासंगं काम करता, पयल्यांदा उंबऱ्यात आलात. चहा होतो तवर तो कागद वाचून दाखवा. मला बी कळू द्या नवरा कशापायी घरी बसवलाय ते.

शिवकांत: वाचतो. ‘मी, सिद्धोधन सिताराम वाकळे. कंपनीचा सुरक्षित फोन माझ्या हातून पडला. तो चालेना म्हणून घाबरून मी परभणीत बाहेरच्या दुकानात उघडून घेतला. कोणाला कळवलं नाही. माझी चूक मला मान्य आहे.’

प्रियांका: तुमी कवा पाडला?

सिद्धोधन: आत्ता. कागदावर.

प्रियांका: चेष्टा नको.

सिद्धोधन: अगं, सोयाबीनचं तेल काढायला आमी सॉल्व्हंट वापरतो. पेट्रोलच समज. त्याची वाफ दिसत न्हाई, पण पेटली की प्लांट ऱ्हात न्हाई आन माणसं बी. म्हणून आपापले मोबाईल गेटवर जमा. आत एकच फोन चालतो, पिवळा, इटंएवढा जड. त्याची ठिणगी पडत न्हाई असा बनवलेला. त्याच्यावर दर तासाला मीटरचे फोटो काढून हाफिसात पाठवायचे. मंगळवारी पुण्याहून तपासणीवाले आले, त्यांनी फोन उलटा केला. मागच्या झाकणाचा एक स्क्रू निराळा निघाला. रजिस्टरला त्या पाळीची सही माझी.

प्रियांका: मंग उघडला कोणी?

सिद्धोधन: मला तर योगीराजचा संशय. रातपाळीला फोन त्याच्याकडंच असतो. परवा चार माणसांत त्याला नको नको ते बोललो. तो लेकीची शपथ घेऊन न्हाई म्हणायलता.

शिवकांत: योगीराजनं नाही उघडला.

सिद्धोधन: तुमाला कसं ठाव?

शिवकांत: त्यानं नाही उघडला, एवढं खरं.

सिद्धोधन: मंग त्याची माफी मागावी लागंल मला. द्या पेन. पण सायेब, सहीआधी एक इचारू? उघडलेला फोन आत नेला तर खरंच काही होतं, का हे तपासणीवाल्यांचं उगं कायतरी?

शिवकांत: ट्रेनिंगला सांगितलं होतं.

सिद्धोधन: तुमीच सांगितलं होतं. म्हणले, डोळ्याला दिसणार न्हाई एवढी ठिणगी बी पुरती. आन वाफ हवेपेक्षा जड, खाली खड्ड्यात साचती. पंपाच्या खड्ड्यातल्या मीटरचा फोटो तर म्या रोज वाकून काढायचो. शिडी उतरताना फोन इथं, छातीच्या खिशात.

शिवकांत: हो.

प्रियांका: किती दिस उघडलेला होता तो?

शिवकांत: चार महिने.

प्रियांका: तपासणीवाल्यांनी सांगितलं?

शिवकांत: नाही. त्यांना ते कळलेलं नाही.

(चुलीवरचा चहा उतू जातो. कोणी उठत नाही.)

शिवकांत: मी उघडून घेतला. स्टेशनजवळच्या दुकानात. बॅटरी फुगली होती. कंपनीला पाठवला असता तर दोन महिने परत आला नसता, आणि तोवर मीटरचे आकडे फोटोऐवजी वहीत लिहिलेले मॅनेजरला चालत नव्हते. दुकानदारानं दुसरी बॅटरी बसवली, झाकण चिकटवलं. एक स्क्रू हरवला, तर त्याच्याकडचा लावला. मी म्हटलं, आठ दिवस चालवू. मग आठाचे पंधरा झाले. काही होत नव्हतं.

सिद्धोधन: काही होत नव्हतं.

शिवकांत: रोज संध्याकाळी वाटायचं, आजचा दिवस गेला.

सिद्धोधन: दिवाळीपासून तुमी आत येत न्हाईत, सायेब. पयले पाळीला दोनदा चक्कर असायची तुमची. मंग दारातूनच ‘फोटो टाक रे’ म्हणायला लागले. पोरं हसायची. म्या सांगायचो, हसू नका, सायेबाचे गुडघे दुखायलेत. तुमाला निरगुडीचा पाला आणून दिला होता म्या.

शिवकांत: दिला होतास.

सिद्धोधन: गुडघे दुखत होते का?

शिवकांत: नाही.

प्रियांका: हा कागद कोणाच्या हातचा?

शिवकांत: माझ्या.

प्रियांका: अक्षर चांगलंय.

शिवकांत: माझ्या नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. माझ्या मुलीचं, धनश्रीचं कॉलेज अजून चालू आहे. मला वाटलं, तुला नुसती ताकीद देतील. मला मात्र काढूनच टाकतील. म्हटलं, तुला समजावून सांगू. तू नाही म्हणत नाहीस, हे मला माहीत होतं.

सिद्धोधन: म्या सही करत होतो, सायेब. पेन मागितला होता.

शिवकांत: हो.

सिद्धोधन: आत बारा माणसं असतात. त्यांनी जलमभर म्हणलं असतं, सिद्धोधननं फुटका फोन घेऊन आपल्यात फिरवला. आन म्या त्यांच्यात बसून डबा खाल्ला असता.

शिवकांत: फाडून टाक तो कागद. मॅनेजरला आत्ता फोन लावतो, तुझ्यासमोर सांगतो.

प्रियांका: फोनवर नको. कागदाची मागची बाजू कोरी हाय, तिथं लिहा.

शिवकांत: ...‘मी, शिवकांत बिडवे, सुपरवायझर. सदर फोन मी परभणीत उघडून घेतला. सिद्धोधन वाकळे यांना माहीत नव्हतं.’ झालं?

सिद्धोधन: योगीराजचं नाव घाला.

शिवकांत: ‘योगीराज यांनाही माहीत नव्हतं.’

सिद्धोधन: आन तुमाला माहीत होतं.

शिवकांत: ते आलंच की त्यात. मी उघडला म्हटल्यावर—

सिद्धोधन: आलं न्हाई. माहीत असून आमाला आत पाठवलं, आन सोता दारात थांबले. ते राह्यलं.

शिवकांत: तेवढं लिहिलं तर नुसती नोकरी जाणार नाही, सिद्धोधन. केस होईल माझ्यावर.

सिद्धोधन: हं.

शिवकांत: ‘मला माहीत होतं...’ पुढं कसं लिहू?

सिद्धोधन: जसं झालं तसं. खुर्ची उजेडाकडं घ्या, सायेब. आमाला घाई न्हाई.