किशनरावाच्या बांधावरचं सोनं

...अन् वर मलाच म्हणतात, झाडाला हात लावायचा न्हाई! माझं रान, माझा बांध, अन् झाडाला हात लावायचा न्हाई! तुम्हाला सांगतो, माझी नात आरती, नांदेडला कॉलेजात शिकते, तिनं हे लचांड गावात आणलं. म्हणे रानातली झाडं ओळखायची फेरी! अहो, कंधारच्या माळावर जन्म गेला माझा, मला इचारा की! पण न्हाई... तिच्या सुमय्या मॅडम आल्या, टोप्यावाली शहरी माणसं आली, अन् निघाली वरात!

वरात तरी पुढं सरकती! ही पळसापुढं थांबली, धावड्यापुढं थांबली, टाकळ्यापुढं तर... टाकळा हो! आपण भाजी करून खातो त्याची... गुडघे टेकून फोटो काढून राहिली! मी दात घासायला बाभळीची काडी मोडाया गेलो, की मागून आरती, ‘आबा! झाडाला हात लावायचा न्हाई!’

तरी चालत राहिलो. का? तर फेरी शेवटी माझ्या आपट्यापाशी येणार होती. दसऱ्याला तमाम गाव सोनं लुटतं ते माझ्या झाडाचं! मारुतीला पहिलं पान माझं, मग गावाला. बापापासूनची इज्जत हाय ती. शेजारच्या रामलिंगाला मुद्दाम संगं घेतलं... म्हणलं, जळू दे जरा!

छाती काढून म्हणलं, ‘हा आमचा आपटा.’ मॅडमनी वर बघितलं, खाली बघितलं, अन् साखरेच्या आवाजात म्हणतात, ‘आबा, हा कांचन आहे. पान बघा, मोठं, पातळ. याला जांभळी फुलं येतात ना?’

येतात की! लई देखणी येतात! मला वाटायचं, आमचा आपटाच खानदानी...

‘आपट्याचं पान लहान अन् जाड असतं. तो बघा, तिकडं खरा आपटा.’

तिकडं म्हणजे कुठं? रामलिंगाच्या बांधावर! ते वाकडं खोड! माझ्या तुरीवर सावली पडती, तोड ते, म्हणून सालोसाल मी ज्याच्यापायी भांडलो, ते! रामलिंग काय म्हणावा? ‘किशनराव, बरं झालं तुमचं ऐकलं न्हाई. आता दसऱ्याला गाव माझ्याकडं!’

अन् दसऱ्याला आलं की गाव! कोयते घेऊन! खुरटं झाड ते, घटकाभरात खराटा झाला असता. रामलिंग बसला रडकुंडीला. मला काय झालं कुणास ठाऊक, काठी घेऊन आडवा झालो, ‘खबरदार! झाडाला हात लावायचा न्हाई!’

गावानं इचारलं, ‘मग आबा, सोनं?’

‘माझ्या कांचनाचं न्या! आजवर मारुतीनं परत केलं का?’

नेलं की समद्यांनी. पण तुम्हाला सांगतो, सांजच्याला रामलिंग दारात. हातात एकच पान, खऱ्या आपट्याचं. ‘घ्या, किशनराव. वाऱ्यानं पडलेलं हाय, झाडाला हात लावला न्हाई.’

आता काय करावं माणसानं? सणाचा दिवस... झाडाला न्हाई लावला, पण सोन्याला लावावाच लागला की हो हात!